तक्रार केली आणि बदली झाली: राज्य सरकारी कर्मचाऱ्याने पुढे काय करायचं

निविदेत घोळ दिसला, बिलं फुगलेली दिसली, तुम्ही वरिष्ठांना लेखी कळवलं. दोन महिन्यांनी हातात बदलीचा आदेश पडला, किंवा थेट निलंबन. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, ‘सूडाच्या कारवाईची केस कुठे टाकायची?’ महाराष्ट्रातल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी याचं उत्तर कडू आहे. अशा नावाची केस आपल्याकडे नाही. लढायचं असतं ते हातात पडलेल्या विशिष्ट आदेशाविरुद्ध. तो आदेश कुठला आहे आणि कोणत्या तारखेला मिळाला, यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं. हे सुरुवातीला डोक्यात बसलं नाही तर वर्ष-दीड वर्ष विनंत्या आणि स्मरणपत्रांत जातं, आणि मग वकील सांगतो की मुदत संपली.

कायदा आहे, पण लागू नाही

जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. त्यातली एक तरतूद फार मोलाची होती: तक्रारदाराने छळ झाल्याचं म्हटलं, तर तो छळ नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारी कार्यालयावर. पण कायदा अंमलात आणणारी अधिसूचना निघालीच नाही. २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केलं, ते राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा बाद झालं. त्यामुळे अर्जात या कायद्याची कलमं टाकून पानं भरण्यात अर्थ नाही.

दुसरी व्यवस्था केंद्राची आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथे खून झाला. आपलं नाव गुप्त ठेवा, अशी विनंती त्यांनी केली होती. त्यानंतर २१ एप्रिल २००४ चा केंद्राचा ठराव आला आणि अशा तक्रारी गोपनीयपणे घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे गेलं. तक्रार केल्यामुळे त्रास होत असेल तर आयोगाकडे दाद मागण्याची सोयही त्यात आहे. पण हा ठराव केंद्र सरकारचे कर्मचारी, केंद्राचे उपक्रम, महामंडळं यांच्याबद्दल आहे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या घोळाची तक्रार त्यात बसत नाही. केंद्राच्या कार्यालयाबद्दल तक्रार करायची असेल तर बंद पाकिटात, पाकिटावर ती या ठरावाखालची असल्याचं ठळक लिहून आणि आतल्या कागदावर स्वतःचं नाव-पत्ता देऊन पाठवावी. निनावी चालत नाही. तीच तक्रार दहा ठिकाणी प्रती काढून पाठवली तर नाव गुप्त ठेवण्याची अपेक्षा आपणच मोडीत काढतो.

आधी आपण कुठल्या दारात उभं राहायचं ते ठरवा

राज्य शासनाच्या सेवेतले अधिकारी-कर्मचारी, पोलीस धरून, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात. सगळे त्याला मॅट म्हणतात. ते १९९१ पासून आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं बसतात. केंद्राचे कर्मचारी, तसेच आयएएस-आयपीएस अधिकारी, केंद्रीय न्यायाधिकरणात म्हणजे कॅटमध्ये जातात.

जिल्हा परिषद, महानगरपालिका, एसटी यांचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी खात्यांतर्गत अपील, उच्च न्यायालय किंवा कामगार न्यायालय असे वेगळे रस्ते आहेत. खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी १९७७ च्या कायद्याखालचं शाळा न्यायाधिकरण आहे, आणि तिथे अपिलाची मुदत अवघी ३० दिवस. पगार शासनाकडून येतो म्हणून आपण शासकीय कर्मचारी, हा समज अनुदानित शाळांत बराच आढळतो. तो घेऊन मॅटमध्ये गेलात तर अर्ज परत येईल आणि तोवर ते ३० दिवसही निघून गेलेले असतील.

कागद जमवा, पण चौकटीत राहून

मूळ तक्रारीची प्रत आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा. तक्रारीची तारीख आधीची आणि कारवाईची तारीख नंतरची, हे कागदावरून दिसलं पाहिजे. तोंडी सांगितलं होतं, साहेबांना माहीत होतं, हे मॅटसमोर टिकत नाही. ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्याला तक्रारीची माहिती होती, हेही कागदानेच दाखवावं लागतं.

तोंडी आदेश येत असतील तर त्याच दिवशी लेखी टिपणी सादर करा: ‘आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार…’ तोंडी हुकुमांवर काम करू नका, ते नोंदवून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं आहे. अशी टिपणी साहेबांना आवडणार नाही हे खरं. पण पुढे चौकशीत तुमच्या बाजूने बोलणारा कागद बहुधा हाच असतो.

मात्र कार्यालयाची मूळ नस्ती (फाइल) घरी नेऊ नका. ज्या कागदांशी तुमच्या टेबलाचा संबंध नाही त्यांचे मोबाईलवर फोटो काढत बसू नका. त्यातून तुमच्यावरच दोषारोप तयार होतो, आणि मूळ घोटाळा बाजूला राहून चर्चा तुमच्या गैरवर्तनाची सुरू होते. हवे ते कागद माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. टिपण्यांच्या पानांसकट नस्ती मागा. बदलीच्या प्रस्तावावर कोणाची शिफारस चिठ्ठी लागली होती हे तिथेच कळतं.

तक्रार कुणाकडे केली यालाही महत्त्व आहे. खात्याचे वरिष्ठ, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (फोन १०६४), लोकायुक्त या अधिकृत जागा आहेत. वर्तणूक नियमांमुळे थेट वर्तमानपत्राकडे जाणं अंगाशी येतं. काक्रापार अणुऊर्जा प्रकल्पातल्या मनोज मिश्रा या कर्मचाऱ्याने प्रकल्पात पाणी शिरल्याच्या घटनेबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि नोकरी गमावली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जागल्या मानायला नकार देऊन अपील फेटाळलं. माहिती देणारा प्रत्येक जण आपोआप जागल्या ठरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. मला स्वतःला तो निकाल कठोर वाटतो. पण आज धोका मोजायचा तर तो धरूनच मोजावा लागेल.

बदलीचा आदेश आला तर

राज्यात सूडाचं सगळ्यात आवडतं हत्यार बदली. कारण ती शिक्षा धरली जात नाही, चौकशी लागत नाही, आणि आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढं लिहिलं की काम भागतं. पण इथेच महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्याकडे इतर बऱ्याच राज्यांत नसलेली गोष्ट आहे: २००५ चा बदल्यांचा कायदा.

साधारण कार्यकाल तीन वर्षांचा. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्यांना त्या कार्यालयात असे दोन पूर्ण कार्यकाल मिळतात. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. त्याबाहेर किंवा कार्यकाल पूर्ण होण्याआधी बदली करायची तर कलम ४(४) आणि ४(५) नुसार खास कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि लगतच्या वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मंजुरी घ्यावी लागते. पोलिसांसाठी वेगळी व्यवस्था आहे. त्यांच्या बदल्या पोलीस अधिनियम आणि आस्थापना मंडळांमार्फत होतात.

म्हणून आदेश हातात आला की आधी तीन गोष्टी पाहा. तुमचा कार्यकाल पूर्ण झाला होता का? आदेश कोणत्या महिन्यात निघाला? मंजुरी कोणी दिली आणि कारण काय नोंदवलं? कारण नुसतं कलमाच्या भाषेची नक्कल असेल, किंवा मंजुरी आदेशानंतरची असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. सूडाचा ‘स’ही न काढता असा आदेश रद्द होऊ शकतो. बहुतेक अर्जदारांना हे पटत नाही. त्यांना अन्यायाची पूर्ण कहाणी सांगायची असते, आणि पन्नास पानांच्या कहाणीत कायद्याचा मुद्दा चाळिसाव्या पानावर येतो. तो पहिल्या पानावर घ्या. कहाणी त्याच्या मागे येऊ दे.

बदली हीच शिक्षा म्हणून केली असेल तर सोमेश तिवारी प्रकरणाचा डिसेंबर २००८ चा निकाल उपयोगी पडतो. शिक्षेच्या जागी केलेली बदली टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

आता वेळेचा खेळ. आदेश निघतो दुपारी आणि संध्याकाळी तुम्हाला एकतर्फी कार्यमुक्त करतात, म्हणजे मॅटमध्ये ‘हे तर कार्यमुक्त झाले, त्या जागेवर दुसरे रुजूही झाले’ असं सांगता येतं. त्यामुळे स्थगिती हवी असेल तर दोन-तीन दिवसांत अर्ज गेला पाहिजे. माहितीच्या अधिकाराचे ३० दिवस इथे परवडत नाहीत. मूळ नस्ती हजर करण्याचा आदेश द्या, अशी विनंती अर्जातच करा. अर्जाची प्रत मॅटमध्ये शासनाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांना आधी द्या, कारण समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेश देणं कायद्याने अपवादात्मक आहे आणि तसा आदेश दिलाच तरी तो १४ दिवसांपुरताच असतो.

स्थगिती मिळाली नाही तर नव्या जागी रुजू व्हा. घरी बसू नका. अभिवेदन, म्हणजे फेरविचाराची लेखी विनंती, दिलंय म्हणून रुजू झालो नाही, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने वारंवार फेटाळला आहे. गैरहजेरी हा स्वतंत्र दोषारोप होतो. रुजू अहवालात ‘आदेशाला आव्हान देण्याचा हक्क राखून रुजू होत आहे’ अशी ओळ टाका.

निलंबन आणि विभागीय चौकशी

निलंबनाविरुद्ध १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस. शिक्षेच्या आदेशालाही तीच मुदत. अपिलाची भाषा संयमित ठेवा. अनादराची भाषा नको असं नियमातच आहे. आणि अपिलात शिक्षा वाढूही शकते, अर्थात तुम्हाला आधी नोटीस देऊन.

निलंबन झाल्यावर ९० दिवसांची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. तेवढ्या काळात दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये ठरवलं आणि राज्याने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते स्वीकारलं. ९१ व्या दिवशी त्या शासन निर्णयाचा हवाला देऊन एक पानाचा अर्ज द्या. सुरुवातीला निर्वाह भत्ता साधारण अर्ध्या पगाराइतका मिळतो, तीन महिन्यांनंतर तो वाढवता येतो. तेही लेखी मागावं लागतं.

दोषारोपपत्र आल्या आल्या ते रद्द करा म्हणून मॅटमध्ये धावू नका. त्याविरुद्ध खात्यात अपील नाही, आणि न्यायालयंही या टप्प्यावर सहसा हात घालत नाहीत. आधी उत्तर द्या, चौकशी होऊ दे, असंच सांगतात. अपवाद म्हणजे ज्याला अधिकारच नाही त्याने ते बजावलं असेल तर. चौकशीत मात्र प्रत्येक कागद मागा, न दिलेल्या कागदांची यादी रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घ्या, साक्षीदारांची उलटतपासणी सोडू नका. चौकशी अहवालाची प्रत मिळाल्याशिवाय शिक्षा झाली तर तो आदेश कच्चा. पुढच्या कुठल्याही न्यायालयात पुराव्याची नव्याने छाननी होत नाही, म्हणून जे सांगायचं ते इथेच नोंदीवर आलं पाहिजे.

गोपनीय अहवाल, म्हणजे तुमच्या वर्षाच्या कामावर वरिष्ठाने लिहिलेला अहवाल, खराब करणं हा आणखी एक मूक प्रकार. देव दत्त (२००८) आणि सुखदेव सिंग (२०१३) या निकालांनुसार प्रत्येक शेरा, चांगला असला तरी, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. कळल्यावर मुदतीत अभिवेदन द्या. नाहीतर ते पदोन्नतीच्या वेळी समोर येतं.

मुदतीचं गणित

मॅटमध्ये अर्ज करण्याआधी, नियमांत अपिलाची सोय असेल तर ते सहसा करावंच लागतं. त्यावर अंतिम आदेश झाला की तिथून एक वर्षात मूळ अर्ज. अपिलावर काहीच निर्णय आला नाही तर सहा महिने थांबायचं आणि ते संपल्यापासून एक वर्ष मोजायचं. समजा १० जानेवारीला अपील केलं आणि शासन गप्प बसलं. सहा महिने १० जुलैला संपतात, आणि मॅटची मुदत पुढच्या वर्षीच्या १० जुलैपर्यंत. बदलीसारख्या आदेशाविरुद्ध नियमात अपील नसल्याने थेट जाता येतं, आणि तिथे वर्ष आदेशापासूनच सुरू होतं.

सगळ्यात जास्त प्रकरणं बुडतात ती स्मरणपत्रांमुळे. पाच अभिवेदनं दिली, मंत्र्यांना भेटलो, संघटनेमार्फत निवेदन दिलं, शेवटचं उत्तर गेल्या महिन्यात आलं, म्हणून मुदत गेल्या महिन्यापासून. असं नसतं. नियमात नसलेली अभिवेदनं कितीही दिली तरी मुदत वाढत नाही, असं सात न्यायमूर्तींच्या पीठाने एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं. जुन्या मेलेल्या प्रकरणावर खात्याने आज उत्तर दिलं तरी ते जिवंत होत नाही, हे सी. जेकब (२००८) प्रकरणाने स्पष्ट केलं. उशीर माफ होऊ शकतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. त्यासाठी वेगळा अर्ज आणि दिवसागणिक हिशोब. पगारातल्या चुकीसारखं नुकसान दर महिन्याला होत असेल तर दाद उशिराही मिळू शकते, मात्र थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते.

अर्जात सूडाचा आरोप कसा करायचा

दुष्ट हेतूचा आरोप करणं सोपं, सिद्ध करणं अवघड, आणि ते ओझं आरोप करणाऱ्यावरच. हे १९७३ च्या रोयप्पा प्रकरणापासून चालत आलंय. ‘प्रतिवादींनी आकसाने’ असं प्रत्येक परिच्छेदात लिहून काही होत नाही. तारखांचा तक्ता द्या: तक्रार कधी, ती त्या अधिकाऱ्याकडे कधी पोचली, चौकशी लागली का, कारवाई कधी. तुमच्याबरोबर त्याच जागी जास्त वर्षं असलेले कोण होते आणि त्यांना हात का लागला नाही, ते लिहा. तक्रारीआधीचे गोपनीय अहवाल चांगले होते हे जोडा.

आणि ज्या अधिकाऱ्यावर आकसाचा आरोप आहे त्याला नावानिशी व्यक्तिशः प्रतिवादी करा. नुसतं पदनाम घालून चालत नाही. तो समोर नसेल तर न्यायाधिकरण त्या आरोपात शिरतच नाही. बिहार सरकार विरुद्ध पी. पी. शर्मा या १९९१ च्या निकालापासून हे पक्कं आहे. पुष्कळांना हे जड जातं, कारण उद्या त्याच साहेबांच्या हाताखाली काम करायचं असतं. तसं असेल तर आकसाचा मुद्दा सोडून द्या आणि कलम ४(५) चं उल्लंघन, अधिकार नसणं, सुनावणी न देणं, एवढ्यावरच लढा. अर्धवट आरोप करून नाव टाळणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

मॅटमध्ये स्वतः उभं राहून बाजू मांडण्याची मुभा कायद्याने दिली आहे. साध्या बदलीच्या प्रकरणात ते जमू शकतं. चौकशी आणि बडतर्फीत सेवा कायद्याचा वकील घ्या.

मॅटमध्ये हरलात तर

पूर्वी मॅटवर थेट सर्वोच्च न्यायालय होतं. १८ मार्च १९९७ रोजी एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. आता आधी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर रिट याचिका. हे अपील नव्हे. तथ्यं पुन्हा तपासून आपला निष्कर्ष बसवणं हे तिथलं काम नाही. निर्णय घेताना नियम पाळले का, पुरावा अजिबात नव्हता का, शिक्षा मनाला धक्का बसेल इतकी जास्त आहे का, एवढंच पाहतात. बी. सी. चतुर्वेदी (१९९५) आणि पी. गुणशेखरन (२०१४) या निकालांनी ही रेघ आखून दिली आहे. रिटला कायद्यात ठरावीक मुदत नाही, तरी उशिराचं कारण विचारलं जातंच. दोन-तीन महिन्यांच्या आत जावं हे बरं.

निकालात नजरचूक असेल, एखादा कागद पाहायचा राहून गेला असेल तर मॅटकडेच पुनर्विलोकन मागता येतं. पण हरल्याचं दुःख हे पुनर्विलोकनाचं कारण होत नाही.

उच्च न्यायालयानंतर उरते विशेष अनुमती याचिका, मुदत ९० दिवस. अनुमती देणं सर्वोच्च न्यायालयाच्या मर्जीवर असतं आणि एका कर्मचाऱ्याच्या बदलीसाठी ती मिळेल ही आशा ठेवून खर्च करू नये. बडतर्फी, निवृत्तिवेतन बुडणं, असं मोठं काही असेल तरच विचार करा.

जिंकलात तरी काही वेळा कार्यालय आदेश अंमलात आणत नाही, ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविले आहे’ असं कळवतं. निकालाची प्रमाणित प्रत जोडून लेखी मागणी करा, पंधरा दिवसांची वाजवी वेळ द्या. तरीही हालचाल नाही तर मॅटला स्वतःच्या अवमानाबद्दल कारवाईचा अधिकार आहे. तो अर्ज अवमान झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि खात्याने मार्गदर्शन मागवत घालवलेले महिने त्या वर्षातच मोजले जातात.